भारतीय वायुसेनेतील एक-इंजिनी व द्वि-इंजिनी लढाऊ विमाने

भारतीय वायुसेनेने जेट युगाच्या प्रारंभीच्या काळापासून एक इंजिन असलेली आणि दोन इंजिने असलेली अशी दोन्ही प्रकारची लढाऊ विमाने वापरली आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यानंतर मिराज-२००० आणि तेजस ही एक-इंजिनी, तर सुखोई सु-३०एमकेआय, राफेल, मिग-२९ आणि जॅग्वार ही द्वि-इंजिनी विमाने सेवेत राहिली. नव्या विमानांची निवड करताना यांपैकी कोणत्या प्रकारावर भर द्यावा, हा प्रश्न भारतात अनेकदा चर्चिला गेला आहे. २०१६ ते २०१८ या काळात तर विमान एकाच इंजिनाचे असावे, ही एका मोठ्या प्रस्तावित खरेदीची अटच होती.

ही चर्चा सामान्यतः सुरक्षितता विरुद्ध खर्च अशी मांडली जाते. दोन इंजिनांचे विमान अधिक सुरक्षित पण महाग, एका इंजिनाचे स्वस्त पण जोखमीचे, असे तिचे ढोबळ स्वरूप असते. त्यात तथ्य आहे, परंतु ते अपुरे आहे. भारताच्या बाबतीत इंजिनांची संख्या अनेकदा हाती असलेल्या इंजिनाच्या क्षमतेवरून ठरली आहे. मारुत आणि तेजस या दोन देशी विमानांचा इतिहास हे विशेषत्वाने दाखवतो.

इंजिन आणि रेटा

जेट इंजिन समोरून हवा आत ओढते, ती दाबते, तिच्यात इंधन जाळते आणि तप्त वायू वेगाने मागे फेकते. त्यामुळे विमानाला पुढे ढकलणारा जो रेटा म्हणजे थ्रस्ट मिळतो, तो किलोन्यूटन या एककात मोजतात. लढाऊ विमानाच्या इंजिनात बहुधा आफ्टरबर्नरही असतो. टर्बाइनच्या मागे पुन्हा इंधन जाळून तो थोड्या वेळासाठी रेटा बराच वाढवतो. मात्र त्या वेळी इंधनाचा खपही कित्येक पटींनी वाढतो.

दोन इंजिने म्हणजे अधिक ताकद हा समज सर्वत्र आढळतो, पण तो प्रत्येक वेळी खरा ठरत नाही. राफेलच्या दोन एम८८ इंजिनांपैकी प्रत्येकी सुमारे ७५, म्हणजे एकत्रित सुमारे १५० किलोन्यूटन रेटा मिळतो. अमेरिकेच्या एफ-३५ या एक-इंजिनी विमानाचे एफ१३५ इंजिन एकटेच सुमारे १९० किलोन्यूटन रेटा देते. उलट टोकाला भारताचे मारुत होते. त्याच्या दोन ऑर्फियस इंजिनांचा एकत्रित रेटा सुमारे ४३ किलोन्यूटन होता, तर त्याच काळातील मिग-२१ चे एकच इंजिन सुमारे ६० किलोन्यूटन रेटा देत असे.

एकच इंजिन एका विमानात एकटे आणि दुसऱ्यात जोडीने बसवल्याची उदाहरणे विपुल आहेत. तेजसमधील एफ४०४ इंजिन अमेरिकेच्या एफ/ए-१८ हॉर्नेटमध्ये जोडीने बसवलेले असते. १९८६ मध्ये उडालेल्या राफेलच्या पहिल्या प्रायोगिक विमानातही दोन एफ४०४ इंजिनेच होती, कारण फ्रान्सचे स्वतःचे एम८८ तेव्हा तयार नव्हते. मिग-२९ मधील आरडी-३३ या इंजिनाचा आरडी-९३ हा प्रकार पाकिस्तानच्या जेएफ-१७ मध्ये एकटा वापरला जातो. एफ-१५ मध्ये एफ१०० इंजिनांची जोडी असते आणि एफ-१६ मध्ये त्याच मालिकेतील एक इंजिन. त्यामुळे आराखडा करणाऱ्या अभियंत्यांसमोरचा प्रश्न बहुधा असा असतो: विमानाचे अपेक्षित वजन, पल्ला आणि शस्त्रभार उपलब्ध इंजिनांपैकी एकाने पेलेल का? पेलत असेल, तर दुसरे इंजिन बसवण्यासाठी स्वतंत्र कारण लागते.

सुरक्षितता

द्वि-इंजिनी विमानाच्या बाजूने केला जाणारा सर्वांत परिचित युक्तिवाद म्हणजे एक इंजिन बंद पडले तरी दुसऱ्याच्या आधारे तळावर परतता येते. एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एखादे इंजिन दर १०,००० उड्डाण-तासांत एकदा निकामी होते असे मानले, तर एक-इंजिनी विमानावर तेवढ्याच काळात एकदा विमान गमावण्याचा प्रसंग येईल. द्वि-इंजिनी विमानात इंजिन बिघडण्याचे प्रसंग दुप्पट, म्हणजे दोन येतील. मात्र एकाच तासात दोन्ही इंजिने परस्परांशी संबंध नसलेल्या कारणांनी बंद पडण्याची शक्यता १० कोटींत एक इतकी कमी असेल. कागदावर हा फरक प्रचंड दिसतो.

प्रत्यक्षात मात्र दोन्ही इंजिनांचे बिघाड परस्परांपासून पूर्णपणे स्वतंत्र नसतात. त्यांना एकाच इंधनव्यवस्थेतून इंधन मिळते. ती बऱ्याच विमानांत शेजारी-शेजारी बसवलेली असतात, त्यामुळे एकाला लागलेली आग किंवा त्याच्या फुटलेल्या टर्बाइनचे तुकडे दुसऱ्यापर्यंत पोहोचू शकतात. सु-३० आणि मिग-२९ यांच्या आराखड्यात इंजिने एकमेकांपासून दूर ठेवून मध्ये मोकळी जागा सोडलेली आहे, त्यामागे हाही एक लाभ आहे. पक्ष्यांचा थवा समोर आला तर तो दोन्ही हवाद्वारांत शिरू शकतो.

२०१९ या एकाच वर्षात घडलेल्या दोन घटना या युक्तिवादाच्या दोन्ही बाजू दाखवतात. २७ जून २०१९ रोजी अंबाला तळावरून उडालेल्या जॅग्वारला पक्ष्यांची धडक बसून त्याचे एक इंजिन बंद पडले. वैमानिकाने अतिरिक्त इंधनटाक्या आणि सरावाचे बॉम्ब खाली सोडून विमान हलके केले आणि उरलेल्या इंजिनावर ते सुखरूप उतरवले. त्या जागी एक-इंजिनी विमान असते, तर वस्तीच्या इतक्या जवळ आणि इतक्या कमी उंचीवर वैमानिकापुढे बाहेर पडण्याखेरीज फारसा पर्याय उरला नसता. १६ नोव्हेंबर २०१९ रोजी गोव्यात दाबोळी येथून उडालेले नौदलाचे मिग-२९के हे प्रशिक्षण विमान पक्ष्यांच्या थव्यात सापडले. त्याचे डावे इंजिन बंद पडले आणि उजव्याने पेट घेतला. दोन्ही वैमानिक बाहेर पडले व बचावले. विमान मात्र वेर्णे परिसरात कोसळले.

युद्धकाळात दुसऱ्या इंजिनाचे महत्त्व वाढते, कारण जमिनीवरून होणाऱ्या माऱ्यात एक इंजिन निकामी होणे ही अपवादात्मक घटना नसते. १९७१ च्या युद्धात जमिनीवरील लक्ष्यांवर हल्ले करणाऱ्या मारुत विमानांपैकी किमान तीन प्रसंगी विमाने एक इंजिन गमावूनही तळावर परतली. याच्या विरुद्ध उदाहरण कारगिल संघर्षातील आहे. २७ मे १९९९ रोजी फ्लाइट लेफ्टनंट के. नचिकेता यांच्या मिग-२७ या एक-इंजिनी विमानाचे इंजिन, भारतीय बाजूच्या माहितीनुसार, हल्ल्याच्या वेळी बंद पडले. ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न निष्फळ ठरल्यावर त्यांना विमानातून बाहेर पडावे लागले आणि ते पाकिस्तानी सैन्याच्या हाती सापडले. काही दिवसांनी त्यांची सुटका झाली. विमान पाडल्याचा दावा पाकिस्तानने केला होता. त्यांचा शोध घेणाऱ्या स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांच्या मिग-२१ वर त्याच दिवशी क्षेपणास्त्राचा मारा झाला आणि आहुजा यांना प्राण गमवावे लागले.

मिग-२१ चा दाखला

एक-इंजिनी विमानांविषयी भारतीय जनमानसात जी साशंकता आहे, तिचे मूळ मोठ्या प्रमाणात मिग मालिकेच्या अपघातांत आहे. तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१२ मध्ये राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार, घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमानांना त्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत अपघात झाले होते. त्यांत १७१ वैमानिक, ३९ नागरिक आणि अन्य सेवांतील ८ जण मृत्युमुखी पडले. मानवी चुका आणि तांत्रिक दोष ही दोन्ही कारणे त्या उत्तरात नमूद होती.

हे आकडे एका इंजिनाच्या विरोधातील पुरावा म्हणून सर्रास दिले जातात. परंतु त्यांवरून इतका सरळ निष्कर्ष काढता येत नाही. मिग-२१ ची रचना १९५० च्या दशकातील होती आणि त्याचा उतरण्याचा वेग ताशी सुमारे ३४० किलोमीटर इतका अधिक होता. प्रगत जेट प्रशिक्षण विमानाची शिफारस १९८० च्या दशकाच्या प्रारंभीच झाली असली, तरी हॉक हे विमान वायुसेनेत २००८ मध्ये दाखल झाले. तोवर अननुभवी वैमानिकांना तुलनेने संथ विमानांवरून थेट मिग-२१ सारख्या चपळ विमानाकडे वळावे लागे. अपघातांची अनेक कारणे इंजिनाच्या संख्येशी निगडित नव्हती. हॉक हेही एक-इंजिनीच विमान आहे, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

याच वायुसेनेत १९८५ पासून असलेले मिराज-२००० हेही एक-इंजिनी विमान. त्याच्या ताफ्यातील हानी मिग-२१ च्या तुलनेत कितीतरी कमी राहिली. कारगिलमधील टायगर हिलवरील लेझर-मार्गदर्शित बॉम्बहल्ला आणि फेब्रुवारी २०१९ मधील बालाकोट येथील हल्ला या दोन्ही कारवायांसाठी वायुसेनेने याच विमानाची निवड केली होती. तेजसचे पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी झाले आणि पहिला अपघात मार्च २०२४ मध्ये जैसलमेरजवळ झाला. त्यात वैमानिक बचावला. नोव्हेंबर २०२५ मध्ये दुबई येथील हवाई प्रदर्शनात कसरती करताना दुसरे तेजस कोसळले आणि त्यात वैमानिकाचा मृत्यू झाला.

दुसऱ्या बाजूस, दोन इंजिनांमुळे इंजिनांचे दुखणे संपते असेही नाही. सु-३०एमकेआयच्या एएल-३१एफपी इंजिनांतील बेअरिंग आणि वंगणाशी संबंधित बिघाडांविषयी तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी २०१५ मध्ये जाहीर माहिती दिली होती. दुसऱ्या इंजिनामुळे अशा बिघाडांपैकी पुष्कळांचे अपघातांत रूपांतर झाले नाही. मात्र प्रत्येक बिघाडाचा अर्थ एक विमान काही काळ जमिनीवर असा होता आणि त्या काळात सु-३० ताफ्यातील उड्डाणास सज्ज विमानांचे प्रमाण चिंतेचा विषय बनले होते.

मारुत: दोन इंजिनांची अपरिहार्यता

हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेडच्या एचएफ-२४ मारुत या विमानाचा आराखडा जर्मन अभियंता कुर्ट टांक यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला आणि त्याचे पहिले उड्डाण १७ जून १९६१ रोजी झाले. विमान ध्वनीहून वेगवान व्हावे, असा मूळ उद्देश होता. त्यासाठी ब्रिटिश ऑर्फियस इंजिनाचा आफ्टरबर्नरयुक्त आणि अधिक शक्तिशाली प्रकार गृहीत धरला होता. ब्रिटनला त्या प्रकाराची गरज उरली नाही आणि त्याच्या विकासाचा खर्च भारताने उचलला नाही. परिणामी ते इंजिन झालेच नाही.

पर्याय म्हणून, भारतात नॅट विमानासाठी परवान्याने तयार होत असलेल्या ऑर्फियस मालिकेतील आफ्टरबर्नर नसलेले इंजिन मारुतमध्ये जोडीने बसवण्यात आले. नॅटसारख्या चिमुकल्या विमानाला यांपैकी एक इंजिन पुरत असे. मारुतला दोन मिळूनही ती अपुरी पडली. इजिप्तमध्ये विकसित होत असलेले ई-३०० इंजिन मारुतमध्ये बसवून चाचण्याही झाल्या, पण १९६९ मध्ये तो इजिप्शियन प्रकल्पच गुंडाळला गेला. उत्तम हाताळणीचे, कमी उंचीवर स्थिर उडणारे हे विमान आपल्या आराखड्याला साजेसे इंजिन न मिळताच सेवेत आले आणि निवृत्तही झाले. प्रशिक्षण विमानांसह एकूण १४७ मारुत तयार झाली. १९७१ मधील त्यांची टिकून राहण्याची क्षमता दुसऱ्या इंजिनाची देणगी होती. जोडी बसवताना मात्र अपेक्षित रेटा देणारे इंजिन हाती नव्हते, हा मुद्दा निर्णायक होता.

खर्च आणि देखभाल

इंजिन हा लढाऊ विमानातील सर्वांत महाग घटकांपैकी एक आहे आणि विमानाच्या आयुष्यात तो एकाहून अधिक वेळा बदलावा लागतो. एएल-३१एफपी इंजिनाचे दर १,००० तासांनी ओव्हरहॉल करावे लागते आणि त्याचे एकूण आयुष्य २,००० तासांचे असते. विमानाचा सांगाडा याहून कितीतरी अधिक तास टिकतो. म्हणूनच सप्टेंबर २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने सु-३० ताफ्यासाठी २४० नव्या इंजिनांचा करार २६,००० कोटी रुपयांहून अधिक किमतीला केला. ही इंजिने ओडिशातील कोरापुट येथे तयार होतात. या कराराचा हिशेब प्रति इंजिन १०० कोटी रुपयांच्या पुढे जातो, आणि प्रत्येक विमानाला एका वेळी दोन इंजिने लागतात. तुलनेसाठी, ऑगस्ट २०२१ मध्ये तेजस मार्क-१ए साठी मागवलेल्या ९९ एफ४०४ इंजिनांची किंमत ५,३७५ कोटी रुपये होती. दोन्ही इंजिने भिन्न शक्तीची असल्याने ही तुलना काटेकोर नाही. परंतु ताफ्याच्या आयुष्यभराच्या खर्चात एकूण फरक किती पडतो, याची कल्पना तीवरून येते.

इंजिनाच्या किमतीखेरीज इंधन, सुटे भाग, तंत्रज्ञांचे तास आणि तळावरील साठा यांचाही भार वाढतो. वायुसेनेसाठी हा केवळ हिशेबाचा विषय नाही. मंजूर ४२ लढाऊ स्क्वाड्रनच्या तुलनेत मिग-२१ च्या निवृत्तीनंतर वायुसेनेकडे २९ स्क्वाड्रन उरल्या. ठरावीक निधीतून अधिक विमाने उभी करायची असतील, तर हलक्या एक-इंजिनी विमानाकडे वळण्याचा दबाव वाढतो. एका अत्यंत सक्षम विमानालाही एका वेळी एकाच ठिकाणी राहता येते, हा संख्येच्या बाजूचा जुना मुद्दा आहे. आणि भारताला पश्चिम व उत्तर अशा दोन सीमांचा विचार करावा लागतो.

पल्ला, भार आणि भूगोल

जड विमानाचे समर्थन मुख्यतः येथून सुरू होते. सु-३०एमकेआयच्या उड्डाणाचे कमाल वजन सुमारे ३८.८ टन आहे, तर तेजसचे सुमारे १३.५ टन. सु-३० अंतर्गत इंधनावर सुमारे ३,००० किलोमीटर उडू शकते आणि ८ टनांपर्यंत शस्त्रे वाहते. ब्राह्मोस क्षेपणास्त्राचा हवाई प्रकार सुमारे अडीच टन वजनाचा आहे. तो पेलण्यासाठी सु-३० मध्ये नाशिकजवळील ओझर येथे बदल करण्यात आले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये या विमानातून त्याचा पहिला मारा यशस्वी झाला. ही भूमिका तेजसच्या वजनाच्या विमानाकडून अपेक्षितच नाही.

उंचीचा प्रश्न भारतासाठी विशेष आहे. लेहचा धावमार्ग समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२५० मीटर उंचीवर आहे. तेथे हवा विरळ असल्याने इंजिनाचा रेटा घटतो, पंखांची उचलही घटते आणि पूर्ण शस्त्रभारासह उड्डाण करणे अवघड होते. तेथे महत्त्व असते ते रेटा आणि वजन यांच्या गुणोत्तराला. ते चांगले असेल तर एक-इंजिनी विमानही कार्य करते आणि वाईट असेल तर दोन इंजिनेही पुरत नाहीत. जॅग्वार हे द्वि-इंजिनी विमान त्याच्या अडोर इंजिनांच्या अपुऱ्या शक्तीमुळे वर्षानुवर्षे टीकेचा विषय राहिले, हे त्याचे घरचेच उदाहरण होय.

खरेदी प्रक्रियेतील वाद

ऑगस्ट २००७ मध्ये १२६ मध्यम बहुउद्देशीय लढाऊ विमानांसाठी निविदा काढण्यात आल्या. स्पर्धेतील सहा विमानांपैकी एफ-१६ आणि ग्रिपेन ही एक-इंजिनी, तर राफेल, युरोफायटर टायफून, एफ/ए-१८ सुपर हॉर्नेट आणि मिग-३५ ही द्वि-इंजिनी होती. बंगळूर, जैसलमेर आणि लेह येथे चाचण्या झाल्या आणि एप्रिल २०११ मध्ये राफेल व टायफून यांची अंतिम फेरीसाठी निवड झाली. वायुसेनेला दोन इंजिनेच हवी होती असा अर्थ यातून काढला गेला. परंतु वगळलेल्या चार विमानांत दोन द्वि-इंजिनी होती, हे त्या वेळी बहुतेकांच्या नजरेतून निसटले. जानेवारी २०१२ मध्ये राफेलची निवड जाहीर झाली, वाटाघाटी रेंगाळल्या, मूळ व्यवहार मागे पडला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये केवळ ३६ राफेलचा करार झाला.

उरलेली पोकळी भरण्यासाठी ऑक्टोबर २०१६ मध्ये वायुसेनेने परदेशी उत्पादकांना पत्रे पाठवून भारतात बांधता येईल अशा एक-इंजिनी विमानाविषयी विचारणा केली. निवृत्त होणारी मिग-२१ व मिग-२७ ही एक-इंजिनी असल्याने त्यांच्या जागी त्याच वर्गातील, परवडणारे विमान यावे हा त्यामागील तर्क होता. या अटीमुळे स्पर्धा व्यवहारतः दोघांतच उरली. लॉकहीड मार्टिनने टाटा समूहाच्या साथीने एफ-१६ चा नवा प्रकार देऊ केला, तर स्वीडनच्या साबने अदानी समूहासोबत ग्रिपेन-ई पुढे केले. अटीचे टीकाकार दोन मुद्दे मांडत. इंजिनाची संख्या ही आवश्यकता म्हणून लिहिणे म्हणजे अपेक्षित कामगिरी न सांगता साधन ठरवून देणे होय, हा पहिला. परदेशी एक-इंजिनी विमान हे देशी तेजसच्याच जागेवर दावा सांगेल, हा दुसरा. आणि तो अधिक बोचरा होता.

२०१८ च्या प्रारंभी ही अट वगळण्यात आली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ११० विमानांसाठी जी नवी माहितीविचारणा निघाली, तिच्यात एक-इंजिनी आणि द्वि-इंजिनी असे दोन्ही प्रकार ग्राह्य धरले गेले. दीड वर्ष चाललेल्या एक-इंजिनी प्रक्रियेतून एकही विमान आले नाही.

नौदलाची भूमिका

विमानवाहू नौकेवरून उडणाऱ्या विमानाला इंजिन बंद पडल्यास पर्यायी धावपट्टी नसते, म्हणून नौदले दोन इंजिनांना प्राधान्य देतात असे मानले जाते. भारतीय नौदलाचा इतिहास मात्र संमिश्र आहे. त्याची सी हॉक आणि १९८३ पासून २०१६ पर्यंत सेवेत असलेली सी हॅरियर ही दोन्ही एक-इंजिनी विमाने होती. गोव्यातील आयएनएस हंसा हा सी हॅरियरचा तळ होता. त्यानंतर आलेले मिग-२९के हे द्वि-इंजिनी आहे. तेजसच्या नौदल आवृत्तीबाबत २०१६ मध्ये नौदलाने नापसंती व्यक्त केली. आखूड धावपट्टीवरून पुरेसा शस्त्रभार घेऊन उडण्याइतका रेटा तिच्याकडे नाही, हा मुख्य आक्षेप होता. म्हणजे येथेही मुद्दा संख्येपेक्षा रेट्याचा होता. हे विमान जानेवारी २०२० मध्ये आयएनएस विक्रमादित्यवर यशस्वीपणे उतरले, तरी पुढचे नियोजन द्वि-इंजिनी नौदल विमानाचे झाले. एप्रिल २०२५ मध्ये २६ राफेल-मरीन विमानांचा करार करण्यात आला.

अन्य देशांतील अनुभव

अमेरिकेने १९७५ मध्ये हलक्या लढाऊ विमानाच्या स्पर्धेत एक-इंजिनी वायएफ-१६ ची निवड केली. त्याचे इंजिन एफ-१५ च्या इंजिनाशी समान असल्याने साठा व देखभाल सोपी होणार होती. स्पर्धेत मागे पडलेल्या द्वि-इंजिनी वायएफ-१७ पासून पुढे नौदलाचे हॉर्नेट विकसित झाले. पश्चिम जर्मनीने घेतलेल्या ९१६ एफ-१०४ स्टारफायटर विमानांपैकी २९२ गमावली गेली आणि तेथे एक-इंजिनी विमानांची प्रतिमा भारतातील मिग-२१ प्रमाणेच मलिन झाली. त्यानंतर त्या देशाने फँटम, टोर्नाडो आणि टायफून अशी द्वि-इंजिनी विमाने निवडली. कॅनडाने १९८० मध्ये हॉर्नेट निवडताना उत्तर ध्रुवीय प्रदेशातील निर्जन अंतरांचा मुद्दा विचारात घेतला होता. त्याच देशाने जानेवारी २०२३ मध्ये ८८ एफ-३५ घेण्याचा निर्णय जाहीर केला. स्वीडनने ड्राकेन, विगेन आणि ग्रिपेन ही तिन्ही विमाने एकाच इंजिनाची बनवली. महामार्गांच्या तुकड्यांवरून, थोड्या तंत्रज्ञांच्या मदतीने उडवता येतील अशी विमाने त्याला हवी होती.

तेजस, एमका आणि इंजिनाचा पुरवठा

१९८३ मध्ये मंजूर झालेला हलक्या लढाऊ विमानाचा प्रकल्प मिग-२१ ची जागा घेण्यासाठी होता आणि एक इंजिन हा त्याच्या आकारमानाचा स्वाभाविक परिणाम होता. त्यासाठी बंगळूर येथील गॅस टर्बाइन संशोधन आस्थापनाने कावेरी इंजिनाचे काम हाती घेतले. ते आवश्यक रेटा गाठू न शकल्याने २००८ मध्ये तेजसपासून वेगळे करण्यात आले आणि अमेरिकी एफ४०४ कायम राहिले. मारुतच्या बाबतीत जे घडले होते, त्याच्याशी याचे साम्य ठळक आहे. यावेळी परदेशी इंजिन पुरेसे शक्तिशाली होते. त्याचा पुरवठा मात्र दुसऱ्याच्या हाती होता.

फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजस मार्क-१ए चा करार झाला. त्यांच्यासाठी मागवलेल्या ९९ इंजिनांपैकी पहिले मार्च २०२५ मध्ये मिळाले, कारण जनरल इलेक्ट्रिकला बंद पडलेली उत्पादन साखळी पुन्हा उभी करावी लागली. सांगाडे तयार होते, इंजिने नव्हती. एक-इंजिनी विमानाला निम्मीच इंजिने लागतात, हा त्याचा लाभ अशा वेळी खरा ठरतो. तेवढीच कमतरता असती आणि विमान द्वि-इंजिनी असते, तर निम्मीच विमाने उडाली असती.

पुढील टप्प्यात दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी आहेत. तेजस मार्क-२ मध्ये सुमारे ९८ किलोन्यूटन रेट्याचे एक एफ४१४ इंजिन आहे. एमका या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या, सुमारे २५ टन वजनाच्या प्रगत मध्यम लढाऊ विमानाच्या आरंभीच्या आवृत्तीत त्याच इंजिनाची जोडी असेल. शस्त्रे व इंधन पोटात दडवून ठेवावे लागत असल्याने एमकाचा आकार आणि वजन वाढले, आणि तेवढे वजन पेलणारे एकच इंजिन भारताला उपलब्ध नाही. नंतरच्या आवृत्तीसाठी ११० ते १२० किलोन्यूटन वर्गातील इंजिन परदेशी भागीदारासह विकसित करण्याची योजना आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ तेजस मार्क-१ए चा ६२,३७० कोटी रुपयांचा करार झाला. त्या वर्षी १७ ऑक्टोबरला, जेथे एकेकाळी मिग-२१ आणि नंतर सु-३० बांधली गेली त्या नाशिकच्या कारखान्यात तेजसची तिसरी उत्पादन साखळी सुरू झाली आणि तेथे तयार झालेल्या पहिल्या विमानाने उड्डाण केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ११३ अतिरिक्त एफ४०४ इंजिनांसाठी जनरल इलेक्ट्रिकशी करार करण्यात आला.